चप्पल पलीकडे राहिली

आकोंगोला आज गप्प बसवायचं, असं सगळ्यांचं ठरलं होतं. ओजारानं सकाळपासून आपल्या या थोरल्या बहिणीला दोनदा बजावलं होतं की, सोयरिकीचा दिवस आहे, मक्याच्या दारूचा भोपळा हवा तर हातात धर, पण तोंड उघडू नकोस. आकोंगोनं मान डोलावली होती. सत्तरीच्या या बाईनं ज्या ज्या वेळी मान डोलावली, त्या त्या वेळी नंतर आपल्या मनासारखंच केलं, हे पालुंगा कुळात कुणाला सांगायला नको होतं.

लान्येरो चुलीच्या खोपटात होती. मुलीच्या आईनं पाहुण्यांच्या पंगतीत यायचं नसतं, म्हणून ती दाराच्या फटीतून बघत होती. बोलणी सकाळीच उरकली होती. वराकडच्या पाओदेर कुळानं देज म्हणून आणलेले बैल चिंचेला बांधलेले होते आणि ओजारा काही ना काही निमित्त काढून त्यांच्यापाशी जाऊन येत होता. नाचणीचे गोळे वाढून झाले होते, तिळाच्या कुटातली अंबाडी वाढली जात होती, बोकडाचं मटण मागून येणार होतं. निळ्या झग्यात बसलेली आपारो समोर बसलेल्या नवऱ्या मुलाकडे, ओयेतकडे, बघायचं नाही म्हणून आपल्या नखांकडे बघत होती. लान्येरोला हसू आलं. बावीस वर्षं एकटीनं वाढवलेली पोर आज कुणाच्या तरी घरची होणार होती आणि घरात कटकट न होता होणार होती. यापेक्षा जास्त काही तिनं मागितलं नव्हतं.

तेवढ्यात आकोंगो उठली.

"पोरीचा बाप असता तर त्यानं आज स्वतःची हाक दिली असती," ती म्हणाली. "तो नाही. मग मी देते."

"ताई, बस," ओजारा म्हणाला.

ती बसली नाही. भोपळा उंच धरून तिनं आपल्या बेपत्ता भावाची, लान्येरोच्या नवऱ्याची, ओपोकाची हाक दिली, "चप्पल पलीकडे राहिली!"

पालुंगाची सगळी माणसं हसली. पुरुषाची हाक त्याच्या नावापेक्षा खरी असते. नाव आईबाप ठेवतात, हाक बरोबरीचे सोबती ठेवतात, आणि मग नाचात, भांडणात, साधी ठेच लागली तरी माणसाच्या तोंडून तीच निघते. ओपोका वीस वर्षांचा असताना आस्वा नदीला पाणी चढलेलं असूनही लान्येरोच्या गावच्या नाचाला पोहत आला होता. टायरची एक चप्पल पलीकडच्या काठावरच राहिली, आणि हा गडी एका चपलेवर दिवसभर नाचला. लान्येरोनं त्याला पसंत केलं ते नाचामुळे नव्हे. तो एकदाही ओशाळला नाही, म्हणून. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की आता नुसत्या हाकेवर लोक हसत.

पाहुणेही हसले. एक जण हसला नाही. नवऱ्या मुलाचा धाकटा काका, ओल्वेनी. पस्तिशीचा, सडपातळ, कुठल्याही घोळक्यात कडेला बसणारा. त्याच्या हातात अंबाडीत बुडवलेला घास होता. तो त्यानं परत ताटात ठेवला. मग ताट मांडीवरून उतरवून जमिनीवर ठेवलं आणि हळूच पुढं सरकवलं, अगदी हात पोचेल तितकं.

लान्येरोनं हे पाहिलं आणि मनात म्हणाली, मीठ जास्त झालं वाटतं.

पण तो उठून धान्याच्या कणगीमागे गेला. खोपटाच्या मागच्या दारातून ती बाजू दिसे. ओल्वेनीनं वाकून घशात बोटं घातली. सकाळपासून या घरात जे काही पोटात गेलं होतं, ते सगळं त्यानं बाहेर काढलं. बोटं घातली, ओकला, पुन्हा घातली. शेवटी काही येईना तरी तो घालतच राहिला.

लान्येरोच्या हातातला डाव तिथंच थांबला.

हे काय आहे ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ज्यानं एखाद्या कुळातलं माणूस मारलं, त्यानं त्या कुळाच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नसतं. दोन्ही कुळं एकत्र बसून सत्य बोलत नाहीत, भरपाई ठरत नाही आणि एकाच भोपळ्यातलं कडू मुळीचं पाणी पीत नाहीत, तोवर त्या दोघांमध्ये एक घाससुद्धा चालत नाही. खाल्लं तर खाणाराही मरतो, वाढणाराही. बाकी जगाशी खोटं बोलता येतं. ताटाशी कुणी खोटं बोलत नाही.

तिनं दुसरं ताट वाढलं. नाचणीचा छोटा गोळा, वर अंबाडी, बाजूला पाण्याचा गडवा. आणि रीतभात चुलीत घालून ती बाहेर आली. पंगतीतल्या बायकांनी माना वळवल्या. विहीण बाहेर आली, हे त्यांना महिनाभर पुरणार होतं.

ओल्वेनी कणगीला टेकून तोंड पुसत होता.

"जेवण गार झालं असेल," लान्येरो म्हणाली. "गरम आणलंय."

"नको, ताई."

"पोट बिघडलंय?"

"नाही."

"मग पाणी तरी."

त्यानं गडव्याकडे पाहिलं. त्याला तहान लागली होती, हे त्याच्या ओठांवरून कळत होतं. "पाणीही नको," तो म्हणाला.

लान्येरोनं ताट खाली ठेवलं. "इथंच थांब," ती म्हणाली. "पळून गेलास तर अख्खं गाव मागे लावीन."

"पळायचं असतं तर घास गिळला असता," ओल्वेनी म्हणाला.

*

ओजाराला आणि आकोंगोला तिनं खोपटात बोलावलं. ओजारा आला तो चिडूनच.

"वहिनी, पाहुणे जेवतायत आणि तुम्ही बाहेर काय हिंडताय? लोक काय म्हणतील?"

"तो ओल्वेनी आपल्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीये. ओकून टाकलं त्यानं सगळं."

"दारू सोसत नसेल."

"वन्संनी हाक दिली आणि त्यानं घास ठेवला, भावजी. मी बघत होते."

ओजाराला कळलं. त्याचा चेहरा आधी पडला आणि मग कठीण झाला. तो दाराकडे बघून हळू आवाजात बोलू लागला. "हे बघा. लढाईत कोण कुणाच्या हातून गेलं, याचा हिशेब काढायला बसलो तर या मुलखात एकाही पोरीचं लग्न होणार नाही. दादा गेला. मी तर सात वर्षांपूर्वीच म्हणत होतो की त्याचं शेवटचं कार्य करून मोकळे होऊ. तुम्हीच अडून बसलात. प्रेत नाही, बातमी नाही, मी रडणार नाही, म्हणालात. बरं. मग आजच का आठवण झाली?"

यात खोटं काही नव्हतं. पालुंगाच्या घरात पुरुष गेला की पहिला हंबरडा बायकोनं फोडायचा, मग बाकीच्यांनी. लान्येरोनं तो फोडला नव्हता. सैनिकांच्या छावणीजवळ दाटीनं वसवलेल्या त्या झोपड्यांत काढलेल्या वर्षांत लोक तिला तोंडावर सांगायचे, तुझा नवरा सीमेपलीकडे दुसरं घर करून बसलाय, सायकली दुरुस्त करतोय आणि पोरं काढतोय. ती कुणाशी भांडली नाही. निम्मं तिलाही खरं वाटायचं. मेलेल्या माणसासाठी रडायचं की पळालेल्या माणसाला शिव्या द्यायच्या, हे न कळल्यामुळे तिनं दोन्ही केलं नव्हतं.

"मला विचारायचंय त्याला," ती म्हणाली.

"विचारा की. सहा महिन्यांनी विचारा. पोर नांदायला गेली की विचारा."

"आणि तोवर तिनं त्यांच्या हंडीतलं खायचं?"

ओजारानं आकोंगोकडे पाहिलं. या बहिणीनं आजवर प्रत्येक भांडणात वहिनीच्या विरुद्ध त्याची बाजू घेतली होती. जमिनीच्या वेळी घेतली, कार्याच्या वेळी घेतली. आत्ताही घेईल, अशी त्याची खात्री होती.

"विचारू दे तिला," आकोंगो म्हणाली.

"ताई, तू प्यायलीयस."

"हो. तरी तुझ्यापेक्षा शुद्धीवर आहे. तुझा जीव बैलांत अडकलाय."

दारात निळा झगा दिसला. आपारो कधी येऊन उभी राहिली, ते कुणाला कळलं नव्हतं.

"काका बरोबर बोलतायत," ती म्हणाली. "आई, मी त्या माणसाला पाहिलंसुद्धा नाही. मी जन्मले त्याच्या दोन महिने आधी बंडखोरांनी त्याला नेलं. मला त्याचं काय माहितेय? एक हाक आणि एक चप्पल. ओयेतला मी तीन वर्षं ओळखते. तू आज बाहेर जाऊन तोंड उघडलंस तर तो मला मिळणार नाही, एवढं मला कळतं."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर काही नाही. सगळे जेवतील आणि घरी जातील."

लान्येरोनं मुलीकडे पाहिलं. ओपोकाचंच कपाळ, ओपोकाचीच हट्टी हनुवटी. पोर चुकीचं बोलत नव्हती, हेच जास्त लागत होतं.

"ओयेतचे काका दोनदा आलेत आपल्याकडे," आपारोचा आवाज खाली आला. "तुझ्या हातचं जेवलेत. काही झालं का आपल्याला?"

"तेव्हा त्याला माहीत नव्हतं," लान्येरो म्हणाली. "आता माहितेय. आता मलाही माहितेय." आणि ती बाहेर पडली.

*

ओल्वेनी कणगीपाशीच बसला होता. त्याच्यासमोरचं ताट तसंच होतं, फक्त एक कोंबडी अंबाडीवर ताव मारत होती. लान्येरोनं तिला हुसकलं आणि समोर बसली. आकोंगो मागून येऊन उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याचं नाव काय होतं?" लान्येरोनं विचारलं.

"त्यांनी 'ओकेच' असं नाव सांगितलं होतं. पाबुर कुळातले."

"त्याचं नाव ओपोका. पाबुरशी आमचा काही संबंध नाही."

"आज कळलं," ओल्वेनी म्हणाला. "नेलेली सगळीच माणसं खोटं सांगायची, ताई. मीही सांगितलं होतं. खरं नाव, खरं गाव सांगितलं की ते परत जाऊन घर जाळायचे. पण तेव्हा मी तेरा वर्षांचा. मोठ्या माणसानं सांगितलं ते मला खरं वाटलं."

तो सावकाश बोलत होता. प्रत्येक वाक्यानंतर थांबून श्वास घेत होता. शहरातल्या दवाखान्यात त्याला तसं शिकवलं होतं. एका वर्तुळात बसवायचे, श्वास मोजायला सांगायचे आणि मग बोला म्हणायचे. तिथं तो पुष्कळ बोलला होता. हे मात्र बोलला नव्हता, कारण हे ज्यांना सांगायचं ती माणसं त्या वर्तुळात नव्हती.

"बावीस वर्षं मी पाबुरच्या कुणाच्या घरी पाणी प्यालो नाही. शाळेच्या वसतिगृहात नोकरी लागली होती, पण तिथली स्वयंपाकीण पाबुरची निघाली. सोडली. एक मुलगी होती पाबुरची. तिला कारण न सांगता नाही म्हटलं. मग एकदा धीर करून त्यांच्या म्हाताऱ्यांकडे गेलो आणि म्हटलं, तुमचा ओकेच नावाचा माणूस माझ्या हातून गेला, ही त्याची हाक. ते एकमेकांकडे बघायला लागले. म्हणाले, अशी हाक आमच्यात कुणाची नाही. मला वेडा समजून शिधा बांधून दिला. तोही मी वाटेत टाकला." तो थांबला. "ज्यांच्या घरचं खायला हवं होतं त्यांचं टाकलं, आणि तुमच्या हातची अंबाडी दोनदा मागून घेतली."

"हाक पुष्कळांची सारखी असू शकते," लान्येरो म्हणाली. खरं तर तिला तसं व्हायला हवं होतं. या क्षणी तो चुकीचा निघाला असता तर ती परत चुलीपाशी जाऊन मटण ढवळायला मोकळी होती. "दिसायला कसा होता तो?"

"डाव्या हाताच्या करंगळीचं टोक नव्हतं. मी विचारलं होतं, तर म्हणाले, सायकलच्या साखळीनं खाल्लं."

मागे आकोंगो मटकन खाली बसली.

"पुढं सांग," लान्येरो म्हणाली.

"चौथ्या दिवशी त्यांचा पाय सुजला. ओझं उचलवेना. जो चालू शकत नाही त्याला नव्या पोरांनी मारायचं, असा नियम होता. आम्ही पाच जण होतो. सगळ्यांच्या हातात काठ्या दिल्या. पहिली माझी." ओल्वेनीनं श्वास घेतला. "ते माझ्याशी काही बोलले नाहीत. विनवलंही नाही. फक्त मोठ्यानं हाक दिली. मला वाटलं ते कुणाला तरी चप्पल मागतायत. मी खाली बघितलं, तर त्यांच्या दोन्ही पायांत चपला होत्या."

पंगतीत कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि मटण वाढा म्हणून ओरडलं.

लान्येरोला रडू आलं नाही. तिला आधी लाज वाटली. बावीस वर्षं तिनं या माणसाला दुसऱ्या बाईच्या घरात बसवलं होतं, त्याच्या नसलेल्या पोरांना नावं ठेवली होती. आणि त्यानं बायकोचं घर जळू नये म्हणून मरेपर्यंत स्वतःचं नाव लपवलं होतं. फक्त अगदी शेवटी, जेव्हा लपवून काही उपयोग नव्हता, तेव्हा खरं तेवढंच तोंडातून निघालं.

"कुठं?" तिनं विचारलं.

"आस्वाच्या पलीकडच्या काठावर. उताराच्या वर तीन काळे दगड आहेत, त्यांच्या मागे. आम्ही फांद्या टाकल्या होत्या वर. मी गेल्या वर्षी जाऊन आलोय. जागा विसरलेलो नाही."

एवढ्यात ओदोच धावत आला. ओयेतचा बाप, आजचा मोठा पाहुणा. त्याच्या मागे ओजारा होता आणि त्याच्या मागे ओयेत.

"विहीणबाई, याचं काही ऐकू नका," ओदोच म्हणाला. "माझा भाऊ आहे, पण त्याच्या डोक्यात ते बसलंय. निम्म्या मुलखात हा जेवत नाही. जंगलातून परत आला तेव्हा अंड्यावर पाय ठेवायला लावून रीतीनं घरात घेतलाय त्याला. सगळं झालंय त्याचं."

"ते तुमच्या घरापुरतं झालं," लान्येरो म्हणाली. "आमच्या घराचं राहिलंय."

"पोरांच्या लग्नात कशाला..."

"व्याही, तुमच्या भावाला माझ्यासमोर खोटं बोलणं सोपं होतं. एक घास गिळायचा होता फक्त. त्यानं गिळला नाही. त्याला वेडा म्हणू नका." ती उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. तिला ओल्वेनीबद्दल माया वाटत नव्हती आणि वाटेल असंही तिला वाटत नव्हतं. पण इतक्या वर्षांत तिच्या नवऱ्याबद्दल खरं बोलणारा हा पहिलाच माणूस होता.

ती सरळ पंगतीत गेली. जेवणारे हात थांबले.

"ताटं खाली ठेवा," ती म्हणाली. "तुमच्या आणि आमच्या मध्ये एक माणूस आहे. ओपोका. आज कळलं. त्याची हाडं घरी येऊन कडू पाणी होईपर्यंत या दोन कुळांना एकत्र जेवता यायचं नाही."

पाओदेरचे लोक ओदोचकडे बघू लागले, पालुंगाचे ओजाराकडे. ताट मात्र कुणी ठेवलं नाही. एका म्हाताऱ्यानं तर पटकन एक घास अजून घेतला.

पहिलं ताट आपारोनं ठेवलं. ती आपल्या जागेवर परत येऊन बसली होती. ताट ठेवून तिनं ते पुढं सरकवलं आणि ओयेतकडे सरळ बघितलं. आज दिवसभरात पहिल्यांदाच. तिचे डोळे भरले होते आणि आईवरचा राग त्यात तसाच होता.

"किती दिवस लागतील?" तिनं विचारलं. विचारलं आईला, बघत होती ओयेतकडे.

"पावसाळ्यापर्यंत. कदाचित सुगीपर्यंत."

"थांबेन मी," ओयेत म्हणाला आणि त्यानं आपलं ताट तिच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याच्यानंतर ओदोचला ठेवावं लागलं. मग एकेक करत सगळ्यांनी ठेवलं.

ओजारानं चिंचेखाली जाऊन बैलांचे दोर सोडले आणि पाहुण्यांच्या हातात दिले. वहिनीशी तो बोलला नाही. शेवटचा तांबडा बैल सोडताना मात्र त्यानं त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

पाओदेरची माणसं उपाशीपोटी निघाली. ओल्वेनी सगळ्यांच्या मागे होता. लान्येरो त्याला आडवी गेली.

"उद्या सकाळी ये. वाट तूच दाखवायचीस."

"येतो."

"येताना घरून खाऊन ये. तिथं चक्कर येऊन पडलास तर तुला उचलणार कोण?"

ओल्वेनीनं मान हलवली. मग वळून तो आपल्या माणसांमागे चालू लागला.

लान्येरो खोपटात आली. मटणाची हंडी अजून चुलीवरच होती. तिनं लाकडं मागे ओढली आणि हंडीवर झाकण ठेवलं. आकोंगो आतच होती. भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, रिकामा भोपळा मांडीत घेऊन बसलेली. तिची नशा उतरली होती.

"तू मला दुष्ट समजत असशील," आकोंगो म्हणाली. "कार्य करा, कार्य करा म्हणून मी तुझ्या मागे लागायचे. कार्य झालं की ओपोकाची जमीन सुटते, त्यासाठी म्हणतेय असं वाटलं असेल तुला."

"वाटलं होतं, वन्सं."

"जमीन ओजाराला हवी होती. मला रडायचं होतं. मी पाठीवर घेऊन वाढवलंय त्याला. पण तू सुरू केल्याशिवाय मला रडता येत नाही ना. बावीस वर्षं थांबलेय मी."

लान्येरो तिच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं एका अंगणात काढली, एका चुलीवर शिजवलं, आणि हे कधी तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ती नणंदेजवळ जाऊन जमिनीवर बसली. डोक्याचं फडकं सोडून तिनं कमरेला बांधलं. तोंड उघडलं तर आधी नुसतीच हवा आली. तिनं पुन्हा तोंड उघडलं.

आकोंगो तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती. आवाज फुटल्यावर तिनंही सुरुवात केली.